आठ महिने घरी पुपुसा करतोय, त्याचा अनुभव

गेल्या नोव्हेंबरपासून जवळजवळ दर रविवारी आमच्याकडे पुपुसा होतोय, म्हणजे आठेक महिने झाले, आणि आता त्यावर लिहायचा थोडाफार हक्क आलाय असं वाटतं. पुपुसा म्हणजे मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोर देशाची सारण भरलेली मक्याची जाड भाकरी. आम्ही मेरीलँडला राहतो, वॉशिंग्टनच्या आसपासच्या या पट्ट्यात साल्वादोरची माणसं खूप, 1980 ते 1992 तिकडे यादवी युद्ध होतं तेव्हा जीव वाचवून आलेली आणि मग त्यांच्या मागून आलेली त्यांची नातीगोती. आमच्या खालच्या मजल्यावर त्यातल्याच एक आजी आहेत. नोव्हेंबरचा दुसरा रविवार त्यांच्याकडे पुपुसा दिवस असतो, 2005 साली त्यांच्या संसदेने पुपुसाला राष्ट्रीय पदार्थ ठरवलं तेव्हापासून. त्या दिवशी त्यांनी ताट भरून वर पाठवले, गरम गरम, आणि दुसऱ्या दिवशी मी पिठाची पिशवी घेऊन आलो.

पहिले तीन रविवार सगळे फुटले. कडा चिरायच्या, चीज तव्यावर यायचं. मला भाकरी चांगली येते, आईने शिकवलीय, त्यामुळे कळेचना की चुकतंय काय. शेवटी आजींना वर बोलावलं. त्यांनी माझ्या पिठात नुसतं बोट घातलं आणि म्हणाल्या "मास आग्वा", म्हणजे अजून पाणी. मग अजून. मला वाटलं आता चिखल होणार, पण तेच पाहिजे होतं. पिशवीवर दिलेलं माप साध्या टॉर्टियाचं, म्हणजे त्यांच्या मक्याच्या पातळ पोळीचं असतं, पुपुसाला त्याहून ओलं पीठ लागतं. मी आता दोन वाट्या पिठाला पावणेदोन वाट्या कोमट पाणी घेतो, मीठ घालून मळतो, ओलं फडकं टाकून पंधरा मिनिटं ठेवतो, आणि मग गोळी दाबून बघतो, कडेला चीर गेली की परत पाण्याचा हात. बाकी काही विसरलात तरी चालेल पण हे विसरू नका.

पीठ कोणतं यावर पण लिहितो कारण नाशिकहून बहिणीने हाच प्रश्न विचारला होता. आपलं साधं मक्याचं पीठ चालत नाही, तिने करून बघितलं, तुकडे पडले. मासा हारिना म्हणून जे मिळतं तो मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवून, रात्रभर ठेवून, सालं धुऊन दळलेला असतो, चुन्यामुळे दाण्याचं साल सुटतं आणि पिठाला धरून ठेवणारा चिकटपणा येतो, शिवाय मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं (मका युरोपात गेला पण ही चुन्याची रीत गेली नाही, आणि मक्यावरच जगणाऱ्या गरिबांत पेलाग्रा हा नायसिनच्या कमतरतेचा आजार पसरला). मग बहिणीने किलोभर सुका मका आणला, दहा ग्रॅमच्या हिशोबाने खायचा चुना पाण्यात कालवून त्यात शिजवला, सकाळी चोळून धुतला आणि मिक्सरवर वाटला. थोडं जाडसर झालं पण एकही फुटला नाही.

सारण. मूळ लोकप्रिय प्रकार रेव्हुएल्ता, म्हणजे डुकराचं शिजवून वाटलेलं मांस, घेवड्याची लाल उसळ घोटलेली आणि चीज, तिन्ही एकत्र. आमच्याकडे बायको शाकाहारी, म्हणून बीन्स आणि चीज. छोटे लाल बीन्स शिजवून, वाटून, कांद्यावर तेलात परतायचे, आणि इथे पुरणाचाच नियम लावा, कालथा उभा राहिला पाहिजे. सैल राहिलं की गेलं. डब्यातले तयार बीन्स घ्यायचे असतील तर लेबल वाचा, पुष्कळात डुकराची चरबी असते. चीज त्यांचं केसियो, दोरीसारखं ओढलं जाणारं, ते मिळालं तर उत्तमच, नाहीतर मोझरेलाचा गोळा घरी किसून बीन्समध्ये हातानेच मळून एकजीव करायचा, कारण चीजचा एखादा तुकडा वर आला तर पीठ तिथेच फाटतं. लोरोको म्हणजे तिकडच्या एका वेलीच्या हिरव्या कळ्या, त्या फ्रोजन आणल्या होत्या, वास वेगळाच, थोडा रानटी, मला फार आवडला, मुलीला अजिबात नाही.

आता भरणं. उंडा करायची सवय असेल तर अर्धं काम झालंच, पारी करायची, सारण ठेवायचं, तोंड बंद करायचं. पण पुढे लाटायचं नाही, परातीत थापायचं पण नाही. हाताला पाणी आणि थोडं तेल लावून दोन तळव्यांमध्ये थापटत फिरवत न्यायचा, आजी करतात तेव्हा टाळ्या वाजल्यासारखा आवाज येतो. टॉर्टिया प्रेस आणलं होतं, त्यात सारण एका बाजूला सरकतं, ते आता माळ्यावर आहे. बोटभरापेक्षा जरा कमी जाडी, मध्यम आचेवर बिडाचा तवा, एका बाजूला चार-पाच मिनिटं, डाग पडले की उलटायचा. सतत उलटपालट करू नका.

कुर्तिदो, म्हणजे कोबीचं आंबट लोणचं, त्याशिवाय मात्र वाढू नका. कोबी बारीक चिरून त्यावर उकळतं पाणी ओतायचं, मिनिटभराने निथळून गाजर, कांदा, ओरेगॅनो, मीठ, व्हिनेगर. आदल्या रात्री करून ठेवला तर दुसऱ्या दिवशी खरा लागतो. सोबत टोमॅटोचा पातळ सॉस. आणि खायचं हाताने, काटाचमचा मागितलात तर आजींना वाईट वाटतं.

भाजलेले पुपुसे फ्रीजरमध्ये महिनाभर छान राहिले, तव्यावर गरम केले की झालं. कच्चे ठेवले ते मात्र तडकले.

मागच्या महिन्यात तांदळाचे करून बघितले, ओलोकुइल्ता गाव त्यासाठीच प्रसिद्ध आहे. मी मोदकाला काढतो तशी पिठीची उकड काढली. वरून जास्त कुरकुरीत झाले, आजींना चार खाली नेऊन दिले तर त्यांनी दाराशीच एक तोडून खाल्ला आणि पीठ कसं केलं ते विचारलं. येत्या रविवारी त्या उकड बघायला वर येतायत.