वाचनगटासाठी आधी कामसूत्र की गाथासप्तशती?

सांगली-साताऱ्याकडच्या बायकांच्या वाचनगटात जुने ग्रंथ स्त्रीच्या बाजूनं वाचायचं ठरलं, की बोलणं हमखास या दोन नावांवर येतं. दोन्ही घेण्याजोगे आहेत, पण दोघांची मेहनत वेगळी आहे.

वात्स्यायनाच्या संस्कृत कामसूत्राची अधिकरणं, म्हणजे मोठे भाग, 7 आणि एकूण अध्याय 36. ज्या संभोगवर्णनासाठी ते गाजलं ते दुसरं अधिकरण, आणि गटानं नेमकी तिथून सुरुवात करू नये. तिसऱ्या अधिकरणाचा दुसरा अध्याय काढा. लग्नानंतर तीन रात्री संग नाही; विश्वास बसण्याआधी जबरदस्ती झाली तर बाईला संगाचाच तिटकारा येतो, असं तिथं स्वच्छ लिहिलंय. त्याच बैठकीत पाचव्या अधिकरणाचा पाचवा अध्यायही वाचा. गावच्या अधिकाऱ्याला बायका नुसत्या शब्दावर मिळतात, असं तो सांगतो. कुठं? वेठीच्या कामावर, कोठारात, शेतात, कापूस-सुताच्या देवघेवीत. दुसऱ्याच्या रानात रोजानं जाणाऱ्या बाईला हे समजावून सांगावं लागत नाही. तीन रात्रींचा तो अध्याय एकटाच वाचला तर वात्स्यायन सुधारक वाटतो, म्हणून जोडीनं वाचायचं.

माझं अडलं ते भाषांतरापाशी. चौथ्या अधिकरणाच्या पहिल्या अध्यायात नवऱ्यानं आगळीक केल्यावर बायकोनं काय करावं ते आहे. मूळ संस्कृत म्हणतं, फार ताणू नये, पण तो एकटा असो की मित्रांत, त्याला ‘साधिक्षेपवचनं’ म्हणजे चांगलं टोचून बोलावं. फक्त ‘मूलकारिका’ होऊ नये, म्हणजे मुळ्या घालून वशीकरण करू नये. रिचर्ड बर्टन या इंग्रजाच्या नावानं 1883 साली आलेल्या इंग्रजी भाषांतरात हे पार उलटलं: कठोर बोलू नये, गोडीनं समजवावं, कजाग होऊ नये. बाईचा जाब विचारायचा हक्कच त्यात गेला. तेव्हा मराठी प्रत विकत घेण्याआधी हेच वाक्य उघडून बघा. असं प्रत्येक पानावर तपासायला शेजारी संस्कृत जाणणारं माणूस लागतं. वाईला ते मिळेलही, पण दर बैठकीला कुठून आणायचं?

गाथासप्तशतीत हा त्रास बराच कमी. भाषा महाराष्ट्री प्राकृत, दोन-दोन ओळींच्या सुमारे सातशे गाथा, प्रत्येक स्वतंत्र कविता. कापणी-मळणीत कुणाची बैठक चुकली तरी धागा तुटत नाही. स. आ. जोगळेकरांची 1956 ची मराठी आवृत्ती जुन्या वाचनालयात शोधून पाहावी. एक गाथा घ्या. ‘एत्थ णिमज्जइ अत्ता’, इथं अत्ता निजते, इथं मी. रातांधळ्या वाटसरा, माझ्या अंथरुणावर पडू नकोस. अत्ता म्हणजे सासू. आपल्याकडं सून सासूला आत्या म्हणतेच की! नाही म्हणता म्हणता बाई जागा दाखवते आहे, हे ऐकणाऱ्या बायकांना टीपेशिवाय कळतं.

खोट इथंही आहे. गाथा कोण बोलतंय ते टीकाकार, म्हणजे गाथांचा अर्थ लिहिणारे, ठरवून टाकतात: ही कुलटा, ही दूती. म्हणून आधी त्यांचा अर्थ, म्हणजे टीका, झाकायची. कोण बोलतंय, कुणाला, आणि कोण ऐकतंय, एवढे तीन प्रश्न विचारायचे आणि मग टीका उघडायची. कवी बहुतेक पुरुषच, हेही धरून चालावं. रेवा, माधवी, अनुलक्ष्मी अशी कवयित्रींची नावं परंपरेत येतात, पण थोडीच. एका बैठकीला आठ-दहा गाथा पुरेत, जास्त घेतल्या की नुसती वाहवा होते.

संस्कृतचं माणूस हाताशी असेल तर कामसूत्र आधी घ्यायला हरकत नाही. नसेल तर, मला वाटतं, गाथांच्या पाच-सहा बैठका होऊ द्याव्यात, मग कामसूत्राचे ते तीन अध्याय घ्यावेत. टोचून बोलण्याच्या त्या वाक्याआधी ही गाथा मुद्दाम ठेवा: नवरा पाया पडलाय, पोरगं त्याच्या पाठीवर चढतं, आणि रागानं पेटलेल्या बायकोलाही हसू आवरत नाही.