सोलून निघणारं रबर कोटिंग म्हणून साधा रंग गळ्यात मारला

गाडीच्या खिडक्यांखालच्या क्रोमच्या पट्ट्या किंवा पुढची जाळी काळी करायची म्हणून बरेच जण हल्ली घरच्या घरी रबर कोटिंग मारतात. कल्पना खरंच चांगली आहे. स्प्रे मारायचा, वाळू द्यायचं, आणि कंटाळा आला की कडेने उचलून अख्खा पापुद्रा ओढून काढायचा. खालचा भाग जसाच्या तसा राहतो. प्लास्टी डिप हे यातलं जुनं नाव, 1972 पासूनचं. मूळचा उपयोग हत्यारांच्या मुठींवर रबरी आवरण चढवण्याचा. आता इतरही कंपन्यांची अशी कोटिंग मिळतात. माझी तक्रार या वस्तूबद्दल नाहीच, तिच्या नावावर भलतंच खपवणाऱ्यांबद्दल आहे.

मी ऑनलाइन मागवलेल्या कॅनवर ‘पील होणारं रबर कोटिंग, मॅट ब्लॅक’ असं ठळक छापलेलं होतं. विक्रेत्याच्या फोटोत एक हात बोनेटवरून भलामोठा काळा पापुद्रा ओढताना दिसत होता. पट्ट्या आणि जाळी शाम्पूने धुतली, मेणाचा अंश राहू नये म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, आजूबाजूला टेप आणि कागद लावले. पहिला कोट विरळ, पुढचे भरदार, दोन कोटांमध्ये अर्धा तास. शेवटचा कोट ओला असतानाच टेप काढली. वाळल्यावर काढली की पापुद्रा तिच्याबरोबर फाटून येतो. काम दिसायलाही छान झालं होतं, आणि फसवणूक इथेच लपते. मॅट काळा रंग आणि मॅट काळं रबर लांबून सारखंच दिसतं.

पुढे एका कोपऱ्यात ओघळ दिसला म्हणून तेवढा भाग सोलून पुन्हा मारायचं ठरवलं. कडेला नख लावलं तर नखात काळी भुकटी आली. पापुद्रा नाही, ताण नाही, नुसती भुकटी. क्रोमवरचा रंग खरवडून तरी निघत होता. जाळीच्या चकचकीत काळ्या प्लास्टिकवर मात्र तो आत रुतला होता, आणि जिथून निघाला तिथली चमक कायमची गेली.

असं का झालं ते सांगतो. खऱ्या कोटिंगमधला द्रावक उडून गेला की मागे लवचिक, चिवट पडदा उरतो आणि तो पृष्ठभागावर नुसता बसलेला असतो. साध्या स्प्रे पेंटमध्ये बहुतेक वेळा अ‍ॅसिटोनसारखे जहाल द्रावक असतात. जाळीसारख्या भागांच्या एबीएस जातीच्या प्लास्टिकला ते मऊ करतात, आणि रंग त्यातच घट्ट होतो. मग तो सोलून निघायचा प्रश्नच येत नाही.

विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, ‘तुम्ही थर पातळ मारलात.’ हे उत्तर नीट लक्षात ठेवा, कारण ते अर्धं खरं असतं आणि म्हणूनच ते वापरलं जातं. अस्सल कोटिंगही पातळ मारलं तर तुकड्या-तुकड्यांत निघतं. पण त्यावर आणखी जाड कोट मारून वाळू दिले की जुनं-नवं एकत्र सोलता येतं, आणि पातळ थरसुद्धा अंगठ्याने घासला की त्याच्या रबरी गोळ्या होतात, भुकटी होत नाही. मी वरून जाड कोट मारूनही पाहिले. भुकटी तेवढी वाढली. हे कळवल्यावर तिकडून उत्तर येणंच बंद झालं आणि परताव्याची मुदत टळली.

म्हणून कॅन आला की गाडीजवळ नेऊच नका. आधी काचेच्या तुकड्यावर चार-पाच भरदार कोट मारा, पूर्ण वाळू द्या आणि कड उचला. अस्सल असेल तर पडदा सलग निघेल, बोटांत ताणला तर लांबेल आणि सोडला की आखडेल. चुरा पडला तर तो रंग आहे, लेबल काहीही म्हणो. एखाद्या जुन्या, टाकाऊ प्लास्टिकच्या तुकड्यावरही मारा आणि सोलल्यावर खालची चमक टिकली का बघा. हे सगळं परताव्याच्या मुदतीत उरका आणि त्याचा व्हिडिओ काढा, कॅनचं लेबल आणि बॅच नंबर दिसतील असा. लेबलवर घटक, बनवणाऱ्याचा पत्ता किंवा बॅच नंबर नसेल तर तो कॅन तसाच परत करा. ‘तुमची पद्धत चुकली’ हे उत्तर काचेवरच्या चाचणीपुढे टिकत नाही.

असला रंग आधीच लागला असेल तर घाईने थिनर किंवा पेट्रोल ओतू नका. थिनर प्लास्टिकचं उरलंसुरलं तेजही घालवतो. पेट्रोल रबर कोटिंग विरघळवतं, पण ते घातक आहे, चटकन पेट घेतं. माझ्या क्रोमच्या पट्ट्या हळूहळू खरवडून साफ झाल्या. जाळी बदलावी लागली.