खारीसाठी .22 घ्यायची, तर सेमी-ऑटो की बोल्ट?

पेनसिल्व्हेनियाच्या ओक आणि हिकरीच्या रानात खारीच्या शिकारीला पहिल्यांदा निघणाऱ्याला दुकानदार बहुधा दोन रायफली दाखवतो. एक सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे रुगर 10/22 किंवा तिच्यासारखी. दुसरी बोल्ट-ॲक्शन, म्हणजे सॅव्हेज मार्क 2, रुगर अमेरिकन रिमफायर किंवा खिसा थोडा मोकळा असेल तर सीझेड 457. दोन्हींत काडतूस तेच, .22 लाँग रायफल (.22 म्हणजे गोळीचा इंचातला व्यास). त्यामुळे घेणाऱ्याला वाटतं की फरक फक्त पटापट बार काढण्याचा आहे. खरा फरक काडतुसाच्या निवडीत आहे आणि तो दुकानात दिसत नाही. रानात दिसतो.

रिमफायर काडतुसात पेटणारा मसाला तळाच्या कडेत भरलेला असतो. फायरिंग पिन ती कडा चेपते आणि बार उडतो. इथवर दोन्ही रायफली सारख्याच. पुढे सेमी-ऑटोत बोल्टला, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या सरकत्या तुकड्याला, कुलूप नसतं. त्याचं वजन आणि मागची स्प्रिंग एवढ्यावरच तो चेंबर, म्हणजे नळीतली काडतूस बसायची जागा, बंद धरून असतो. बार उडाला की वायूचा दाब रिकामं टरफल मागे ढकलतो, टरफल बोल्टला ढकलतं, बोल्ट मागे जाताना टरफल बाहेर फेकतो आणि पिनवर आदळणारा हॅमर चढवतो. परत येताना स्प्रिंगच्या जोरावर तो मॅगझिनमधलं पुढचं काडतूस चेंबरात सरकवतो. हे सगळं चालायला काडतुसात ठरावीक ताकद लागते. बोल्ट-ॲक्शनमध्ये ते काम तुमचा हात करतो, म्हणून काडतूस जोरदार असो वा मंद, रायफलीला त्याचं सोयरसुतक नसतं.

आता खारीचं बोला. अंतर साधारण 25 ते 50 यार्ड, नेम डोक्यावर, म्हणजे जेमतेम दीड इंचाची जागा. धडावर गोळी लागली तर मांस वाया जातं, त्यातही पसरणारी हॉलो पॉइंट गोळी असेल तर पुढचे पाय आणि पाठ गेलीच म्हणून समजा. या कामाला सीसीआय कंपनीचं 40 ग्रेनचं (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) स्टँडर्ड व्हेलॉसिटी काडतूस उत्तम. त्याचा वेग सेकंदाला 1,070 फूट. 20 अंश सेल्सिअसला आवाजाचा वेग सुमारे 1,125 फूट असतो, म्हणजे गोळी त्याच्या आतच राहते. हवेत ‘तडाक’ असा दुसरा आवाज होत नाही, फक्त नळीतला बार ऐकू येतो. शेजारच्या झाडावरची खार त्यामुळे दचकून पळण्याऐवजी फांदीला चिकटून थांबण्याची शक्यता वाढते. शून्य अंशाला आवाजाचा वेग 1,087 फुटांपर्यंत उतरतो, तेव्हा हे अंतर अगदी थोडं उरतं, तरी गोळी अजून आतच असते.

बोल्ट रायफलीत हे काडतूस बिनघोर चालतं. त्याहून मंद, सीसीआय क्वाएट-22 सारखं सेकंदाला 710 फुटांचंही चालतं. अंगणात सराव करायला ते छान, मात्र त्याने शिकार करायची तर अंतर 25 यार्डांच्या आत ठेवा आणि त्या काडतुसाने नेम वेगळा बांधा, म्हणजे स्कोप त्याच्यासाठी पुन्हा जुळवा. कारण 50 यार्डांवर ते साध्या काडतुसापेक्षा कितीतरी खाली लागतं.

सेमी-ऑटो मात्र हाय व्हेलॉसिटी काडतुसाच्या हिशेबाने बांधलेली असते, उदाहरणार्थ मिनी-मॅग, 40 ग्रेन, 1,235 फूट. स्टँडर्ड व्हेलॉसिटीवर बऱ्याच 10/22 चालतात, पण स्वच्छ आणि नीट तेल दिलेल्या असतील तोवर. शंभरेक बार झाले, बोल्टच्या वाटेत काजळी साचली किंवा नोव्हेंबरच्या पहाटे तेल घट्ट झालं की त्याच काडतुसावर त्या अडखळू लागतात. 710 फुटांच्या काडतुसावर बोल्ट पुरता मागे जातच नाही, प्रत्येक वेळी हाताने ओढावा लागतो. सेमी-ऑटोसाठी वेगळं 45 ग्रेनचं मंद काडतूस मिळतं, पण तुमच्या रायफलीत ते चालतं का, हे ती विकत घेतल्यावरच कळतं.

हाय व्हेलॉसिटीची आणखी एक अडचण आहे. 1,235 फुटांनी निघालेली गोळी सुमारे 50 यार्डांच्या आसपास आवाजाच्या वेगाखाली येते आणि ती सीमा ओलांडताना थोडी डळमळते. खारीच्या अंतरात याने शिकार हुकत नाही, पण कागदावर छिद्रांचा पुंजका फाकलेला दिसतो तो बऱ्याचदा यामुळे. दोष रायफलीला दिला जातो.

नेमाच्या बाबतीत आमचा कल उघडपणे बोल्टकडे आहे, आणि कारणं दोन. पहिलं चेंबर. सेमी-ऑटोत काडतूस धडाधड आत-बाहेर व्हायचं असल्यामुळे चेंबर थोडं सैल ठेवतात, गोळी नळीच्या मधोमध बसतेच असं नाही. दुसरं ट्रिगर. कारखान्यातून आलेल्या 10/22 चा चाप साधारण 5 ते 6 पौंडांचा असतो आणि सुटण्याआधी तो रेंगाळतो. रायफल स्वतः 5 पौंडांच्या आसपास, म्हणजे चापाचा भार रायफलीच्या वजनाइतका! नेम ढळतो तो इथेच. सॅव्हेजचा ॲक्युट्रिगर घरच्या घरी कमी-जास्त करता येतो, सीझेडचाही. रुगरचा बीएक्स ट्रिगर बसवला की 10/22 चा चाप पावणेतीन पौंडांच्या आसपास येतो आणि रायफल बदलल्यासारखी वाटते, पण त्याचे पैसे मूळ किमतीत धरायला हवेत. अंदाज म्हणून सांगायचं तर साधी 10/22 दीड-दोन इंचाचा पुंजका 50 यार्डांवर देते. बरी बोल्ट रायफल आवडत्या काडतुसावर अर्ध्या ते पाऊण इंचात राहते. दीड इंचाच्या डोक्यासाठी हा फरक म्हणजे शिकार आणि जखमी जनावर यांतला फरक आहे.

‘पण पहिली गोळी हुकली तर?’ हा प्रश्न येतोच. सेमी-ऑटोत हात हलवावा लागत नाही, डोळा स्कोपमध्येच राहतो, दुसरी गोळी तयार असते. हा फायदा खरा आहे, नाकारण्यात अर्थ नाही. मात्र हुकल्यावर खार बहुधा खोडाच्या पलीकडे जाते किंवा चिकटून बसते. पहिल्या प्रकारात दुसरी गोळी उपयोगाची नाही आणि दुसऱ्या प्रकारात बोल्ट सावकाश मागे-पुढे करायला भरपूर वेळ असतो. बीगल कुत्रे सोडून सशाची शिकार करणाऱ्यांना सेमी-ऑटो सुचवली जाते, ते आम्हाला पटत नाही. पळत्या सशावर जमिनीलगत रायफल चालवली तर मागून कुत्रा येतो, समोर माणूस असू शकतो. तिथे शॉटगनच हवी.

सेमी-ऑटो जिथे मनापासून शोभते ते ठिकाण म्हणजे मॉन्टानासारख्या राज्यांतली मोकळी कुरणं. तिथे बिळांत राहणाऱ्या ग्राउंड स्क्विरल शेतकऱ्याला नकोशा झालेल्या असतात आणि दिवसभरात शे-दोनशे बार सहज होतात. दर वेळी बोल्ट ओढून खांदा आणि मनगट दुखतं. संधिवात असलेल्या माणसालाही सेमी-ऑटो सोयीची. शिवाय 10/22 1964 पासून बाजारात असल्यामुळे तिचा जवळपास प्रत्येक सुटा भाग मिळतो, नळीपासून दस्त्यापर्यंत. ज्याला रायफल खोलून सुधारायची हौस आहे त्याला तिच्याइतकं समाधान दुसरी देणार नाही.

अडकण्याचे प्रकार आणि कारणं माहीत असली की अर्धी डोकेदुखी जाते. टरफल बाहेर पडायच्या खिडकीत उभं अडकलं तर काडतूस मंद आहे, बोल्टची वाट घाण आहे किंवा तेल जास्त झालंय. टरफल चेंबरातच राहिलं तर टरफल ओढून काढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरच्या नखीखाली काजळी आणि मेण साचलंय, दातकोरणीने ते निघतं. पुढचं काडतूस नाक वर करून अडकलं आणि शिशाची गोळी चेपली, तर मॅगझिन बदलून पाहा. दुसऱ्या मॅगझिनने नीट चाललं तर दोष रायफलीचा नाही. म्हणून दोन मॅगझिन घ्यावीत आणि त्यांवर खुणा करून ठेवाव्यात. बोल्ट रायफलीत यातलं फार थोडं घडतं. घडतं ते बहुधा हातामुळे: बोल्ट अर्धाच मागे ओढला तर टरफल बाहेर पडत नाही, आणि मूठ पुरती खाली दाबली नाही तर पिनचा ठोका हलका बसतो. पुंजका अचानक फाकू लागला तर आधी दस्त्याचे स्क्रू पाहा, ढिले झालेले असतात.

फुसका बार दोन्हीकडे होतो, कारण कडेतला मसाला काही वेळा सगळीकडे सारखा पसरलेला नसतो. नळी सुरक्षित दिशेला धरून 30 सेकंद थांबायचं, मगच बोल्ट उघडायचा. बोल्ट रायफलीत तेच काडतूस थोडं फिरवून पुन्हा लावलं तर पुष्कळदा उडतं. आवाज मात्र नेहमीपेक्षा दबका आला तर थांबाच. गोळी नळीत अडकलेली असू शकते आणि तिच्यामागून दुसरी सोडली तर नळी फुगते. या बाबतीत सेमी-ऑटो एक उपकार करते: दाब कमी पडल्यामुळे ती बहुधा पुढचं काडतूस घेत नाही आणि माणूस आपोआप थांबतो. बोल्टवाल्याचा हात सवयीने पुढचं काडतूस भरून मोकळा होतो. कान उघडे ठेवायची जबाबदारी त्याची जास्त.

हाताळणीच्या सुरक्षेत मात्र नवशिक्याला बोल्ट बरी. बोल्ट उघडा ठेवला की शेजारच्यालाही लांबून दिसतं. सेमी-ऑटो बार उडाल्याच्या क्षणी पुन्हा भरलेली आणि चढलेली असते आणि खार पडल्याच्या आनंदात सेफ्टी लावायची राहून जाते. रिकामी करतानाची चूकही ठरलेली आहे: आधी बोल्ट ओढतात, मग मॅगझिन काढतात. तोवर नवं काडतूस चेंबरात गेलेलं असतं. आधी मॅगझिन, मग बोल्ट, मग चेंबरात बोट घालून खात्री. मार्लिन मॉडेल 60 सारख्या नळीच्या मॅगझिनमध्ये एखादं काडतूस आत चिकटून राहू शकतं, तिथे तर दोनदा पाहावं.

सफाईतही बोल्ट सरस. बोल्ट बाहेर काढला की चेंबरकडून गज घालता येतो. 10/22 चा रिसीव्हर, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो तो सांगाडा, मागून बंद, त्यामुळे गज तोंडाकडून घालावा लागतो, आणि तोंडाची कडा घासली तर नेम कायमचा बिघडतो. तिला दोरीचा बोअर स्नेक वापरा, तोही चेंबरकडून तोंडाकडे ओढून. खोलताना आधी नळीभोवतीचा पुढचा पट्टा ढिला करा, सेफ्टी मधोमध आणा, दस्त्याचा स्क्रू काढा, मग ट्रिगर हाउसिंगच्या (चापाच्या संचाच्या) दोन पिना आणि शेवटी बोल्ट थोपवणारी जाड पिन. जोडताना हॅमर चढवलेला असायला हवा, नाहीतर हाउसिंग बसत नाही.

कायदा काही वेळा निवड तुमच्या हातून काढूनच घेतो. पेनसिल्व्हेनियात सेमी-ऑटो रायफलीने लहान शिकार करायला 2017 मध्ये परवानगी मिळाली, पण मॅगझिनवर मर्यादा आहे, म्हणून 25 काडतुसांचं मॅगझिन घरीच ठेवा. नदीपलीकडे न्यू जर्सीत खारीसाठी रिमफायर रायफल चालतच नाही. कॅलिफोर्नियात 1 जुलै 2019 पासून शिकारीला शिसेविरहित काडतूस सक्तीचं आहे. तांब्याची .22 गोळी फार हलकी, 21 ग्रेनची, असते आणि काही रायफलींना ती अजिबात मानवत नाही, त्यामुळे तिथे आधी काडतूस मिळवा, मग रायफल ठरवा. ऑस्ट्रेलियात 1996 नंतर बोल्ट .22 सामान्य परवानाधारकाला मिळते, सेमी-ऑटो रिमफायर मात्र शेतकऱ्यांसारख्या मोजक्या गटांपुरती आहे. मेलबर्न-सिडनीच्या मराठी वाचकासाठी प्रश्न तिथेच मिटतो. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे. तिथे .22 दिसते ती नेमबाजीत, आणि कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने 2024 मध्ये पॅरिसला 50 मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकलं ते याच .22 लाँग रायफल काडतुसावर, एका वेळी एकच काडतूस भरून.

अमेरिकेत एच-1बी किंवा एफ-1 व्हिसावर असलेल्यांनी एक गोष्ट दुकानात जाण्याआधी समजून घ्यावी. अशा व्हिसावर बंदूक किंवा काडतूस नुसतं जवळ बाळगायलाही संघराज्याच्या कायद्याची मनाई आहे. नेहमी वापरला जाणारा अपवाद म्हणजे कोणत्याही राज्याचा वैध शिकार परवाना. परवान्याची मुदत संपली की अपवादही संपतो, मग रायफल कपाटात असली तरी. ग्रीन कार्ड असलेल्यांना ही अट नाही.

एवढं झाल्यावर दुकानात जाताना वरच्या किमतीची रायफल आणि स्वस्त स्कोप ही जोडी टाळा. रिमफायरसाठीचा, 50 ते 60 यार्डांना पॅरलॅक्स जुळवलेला स्कोप घ्या. 100 यार्डांचा घेतला तर 25 यार्डांवर डोळा किंचित सरकला तरी नेम सरकतो. सीझेडवर 11 मिलिमीटरची खाच असते, स्कोप बसवायच्या रिंगा त्या मापाच्याच लागतात. मग चार-पाच प्रकारच्या काडतुसांच्या एकेक पेट्या आणा. टेकू देऊन 50 यार्डांवर प्रत्येकी पाच-पाच गोळ्यांचे तीन पुंजके काढा आणि काडतूस बदललं की आधी दहा गोळ्या वाया घालवा, कारण नळीतला जुना मेणाचा थर जाऊन नवा बसायला तेवढ्या लागतात. सगळ्यात लहान पुंजका ज्याचा, त्याच काडतुसाची मोठी पेटी घ्या, शक्यतो एकाच लॉट नंबरची. नेम 50 यार्डांवर बांधलात तर 100 यार्डांवर हाय व्हेलॉसिटी गोळी पाच-सहा इंच खाली जाते, म्हणून खारीसाठी 60-65 यार्डांपुढे चाप ओढू नका. आणि झाडाच्या शेंड्यावरची खार मागे फक्त आकाश असताना सोडून द्या. हुकलेली .22 मैलापेक्षा जास्त जाते. ती खाली खोडाजवळ किंवा जाड फांदीसमोर येईपर्यंत थांबा.