कॅनार्ड बांधू की ऑटोजायरो?

हाय-विंग ट्रेनर, म्हणजे पंख वर असलेलं रिमोटचं शिकाऊ मॉडेल विमान, वर्षभर उडवला, उतरवताना हाताला सुटणारा घाम थांबला, की पुढचा प्रश्न ठरलेलाच: आता जरा वेगळं काय बांधावं? मनात बहुधा दोन चित्रं घोळत असतात. एक कॅनार्ड. छोटा पंख पुढे, मोठा मागे आणि मोटर सगळ्यांत शेवटी. दुसरं ऑटोजायरो. डोक्यावर हेलिकॉप्टरसारखा रोटर, पण त्याला मोटर नाही. विमान पुढे ओढायला नाकावर प्रॉप (पंखा) असतो आणि रोटर समोरून, खालून येणाऱ्या हवेवर आपोआप फिरत राहतो.

मी दोन्ही बांधली आहेत. माझं मत: आधी कॅनार्ड बांधा. पण त्याला शांत हवेची सकाळ लागते आणि बांधताना मोजमापाची चिकाटी लागते. यातलं काही जमणार नसेल आणि घराजवळ एकसारखा वारा मिळणारं मोकळं मैदान असेल, तर ऑटोजायरो घ्या.

खर्चाचं आधी उरकतो. दोन्हींना सामान तेच चालतं: २२१२ मापाची १००० केव्ही (दर व्होल्टला मिनिटाला हजार फेरे) मोटर, ३० अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), तीन सेलची २२०० एमएएच बॅटरी, ९ ग्रॅमचे सर्वो (पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी). ट्रेनरमधलंच काढून लावता येतं. बॉडीला ५ मिमी डेपरॉन (फोमचा पातळ तक्ता) किंवा फोमबोर्ड, पंखात कार्बनची नळी, सर्वोपासून पट्टीपर्यंतच्या पुशरॉडला सायकलचा स्पोक. डेपरॉनला फेविक्विक लावू नका, फोम विरघळून खड्डा पडतो. ऑटोजायरोला वर थोडी बेअरिंगं आणि पात्यांसाठी बाल्सा हे हलकं लाकूड लागतं. पैशात मोठा फरक पडत नाही, पात्यांच्या खपात पडतो. त्याबद्दल पुढे.

कॅनार्डची परीक्षा टेबलावरच होते

कॅनार्डमध्ये काही चुकलं असेल तर ते हातातून सुटल्यावर दोन सेकंदांत कळतं, आणि तेव्हा सावरायला उंची नसते. म्हणून सगळा जीव घरी, टेबलावर ओतायचा.

माझ्या मॉडेलची मापं अशी: मुख्य पंख १००० बाय २०० मिमी, पुढचा पंख ४०० बाय १०० मिमी, आणि दोन्हींच्या पाव कॉर्डमधलं (पुढच्या कडेपासून रुंदीच्या पाव भागावरच्या रेषांमधलं) अंतर ५०० मिमी. ट्रेनरच्या सवयीने आपण मुख्य पंखाखाली दोन बोटं लावून विमान तोलतो. इथे तसं केलं तर विमान गेलंच म्हणून समजा. या मापांना सीजी, म्हणजे विमानाचा तोलबिंदू, मुख्य पंखाच्या पुढच्या कडेच्याही ६० ते ७० मिमी पुढे येतो, म्हणजे जिथे पंखच नाही अशा जागी. तिथे तोल साधला की पुढच्या पंखाच्या दर चौरस सेंटीमीटरवर मुख्य पंखाच्या साधारण दीडपट भार पडतो, आणि नेमकं तेच आपल्याला हवं असतं. वेग कमी झाला की आधी पुढचा पंख स्टॉल होतो (त्याची उचल सुटते), नाक झुकतं, वेग परत येतो आणि विमान आपलं आपण सावरतं. पुढच्या पंखाला मुख्य पंखापेक्षा दोन-तीन अंश जास्त कोन देतात तो याचसाठी. सीजी मागे सरकला तर आधी मुख्य पंख स्टॉल होतो, विमान पार्श्वभागावर बसल्यासारखं खाली येतं आणि स्टिकला दाद देत नाही.

मोटर मागे असल्यामुळे वजन सतत मागे ओढलं जातं. बॅटरी नाकाच्या टोकाशी नेऊनही माझ्या मॉडेलला ४० ग्रॅम कमी पडले. गळाला लावतात ते शिसं आणून नाकात बसवलं. वजन वाढलं याचं वाईट वाटू देऊ नका. जड कॅनार्ड उडतं, मागे भारी झालेलं उडत नाही.

यापेक्षाही घातक गोष्ट म्हणजे एलिव्हेटरची, म्हणजे नाक वर-खाली करणाऱ्या पट्टीची, दिशा. स्टिक ओढली की पट्टी वर, हे आपल्या हाडात मुरलेलं असतं. कॅनार्डमध्ये नाक वर न्यायचं तर पुढच्या पंखाची पट्टी खाली जायला हवी. माझं पहिलं कॅनार्ड यातच गेलं. मित्राने मैदानावर विचारलंही होतं, "उलटं नाही ना रे?" मी स्टिक ओढली, पट्टी वर गेलेली पाहिली आणि बरोबर आहे म्हणालो. फेकल्यावर नाक खाली गेलं, मी ओढलं, ते आणखी खाली गेलं. दोन आठवड्यांचं काम चिखलात रुतलं. तेव्हापासून ट्रान्समीटरवर टेप लावून लिहून ठेवतो: ओढलं की पट्टी खाली.

लांब नाकामुळे विमान आडवं वळू पाहतं, म्हणून पंखांच्या टोकांना उभ्या फिन्स डोळ्यांना पटतील त्यापेक्षा मोठ्या ठेवा. पहिली चाचणी मोटर बंद ठेवून, गुडघाभर गवतावर, नुसती ग्लाइड. ती सरळ आली तरच मोटर. फेकणारा आणि उडवणारा वेगळा हवा. विमान हातातून सुटल्यावरच थ्रॉटल द्यायचा, कारण प्रॉप फेकणाऱ्याच्या हातामागे असतो आणि बोटं त्याच्या वाटेत येतात.

ऑटोजायरो जमिनीवरच बोलायला लागतं

ऑटोजायरोत गणित कमी आणि हातकाम जास्त. माझा रोटर ९०० मिमी व्यासाचा, तीन पात्यांचा. पाती बाल्साची, ५० मिमी रुंद, खालून सपाट, पुढच्या कडेला कठीण लाकडाची पट्टी. तिन्हींचं वजन सारखं हवं, आणि प्रत्येक पातं सुरीच्या धारेवर तोललं तर तोलबिंदूही मुळापासून तेवढ्याच अंतरावर यायला हवा. एका पात्याच्या टोकाला जास्तीचा टेपचा तुकडा राहिला तरी रोटरचा सगळा खांब (मास्ट) थरथरतो. पातं हबवर (रोटरच्या मधल्या तुकड्यावर) उणे एक-दोन अंशांनी बसवायचं, म्हणजे पुढची कड किंचित खाली. ट्रेनर बांधलेल्या माणसाला हे उफराटं वाटतं, पण रोटर वाऱ्यावर फिरायला लागतो तो त्यामुळेच. हबची त्रिकोणी पट्टी मी पुण्याच्या बुधवार पेठेतून आणलेल्या ०.८ मिमी ग्लास-इपॉक्सी सर्किट बोर्डाची कापली. ती लवते, म्हणून पातं वर-खाली होऊ शकतं.

हे लवणं किती मोलाचं आहे ते या यंत्राच्या जन्मकथेतच आहे. स्पेनच्या हुआन दे ला सिएर्वाची पहिली मोठी यंत्रं उड्डाणाआधीच कुशीवर कलंडत होती, मात्र त्याचं छोटं मॉडेल नीट उडत होतं. कारण मॉडेलच्या पात्यांचे दांडे वेताचे होते आणि वेत लवतो. पुढे जाणाऱ्या बाजूच्या पात्याला जास्त हवा मिळते, मागे येणाऱ्याला कमी. पातं लवलं की हा फरक भरून निघतो, ताठ राहिलं तर यंत्र उलटतं. त्याने मोठ्या यंत्राच्या पात्यांना बिजागऱ्या लावल्या आणि जानेवारी १९२३ मध्ये माद्रिदजवळ त्याचं सी.४ उडालं. कॅनार्डच्या घराण्यातही अशी मॉडेलची आठवण आहे: अमेरिकेच्या बर्ट रुटान यांनी आपल्या व्हॅरिव्हिगन या कॅनार्ड विमानाचं मॉडेल गाडीच्या टपावर बसवून, गाडी पळवत मोजमापं घेतली होती. त्याच वाटेने पुढे आलेल्या त्यांच्या व्हॉयेजरने डिसेंबर १९८६ मध्ये वाटेत इंधन न घेता पृथ्वीला फेरी घातली.

उडवण्यापूर्वी मॉडेल रोटरच्या बोल्टला दोरी बांधून लटकवा. नाक ५ ते १० अंश खाली झुकलेलं दिसलं पाहिजे. मग मैदानावर वाऱ्याकडे तोंड करून ते डोक्यावर धरा, रोटर जरा मागे कलता ठेवा आणि पात्याला हाताने एक झोका द्या. आधी नुसतं सुप-सुप ऐकू येतं. तीन-चार पावलं चाललात की त्याचं एकसंध घूं होतं आणि पाती दिसेनाशी होतात. मग हातातलं वजन हळूहळू कमी व्हायला लागतं. तो क्षण पहिल्यांदा अनुभवला तेव्हा मी मॉडेल न सोडता तसाच मैदानभर चालत राहिलो.

इथे घाई केली की नुकसान ठरलेलं. रोटर पुरेसा फिरायच्या आत थ्रॉटल दिला तर मॉडेल मागे येणाऱ्या पात्याच्या बाजूला कलंडतं. वरून पाहताना रोटर घड्याळाच्या उलट फिरत असेल तर डावीकडे. पहिल्या दोन संध्याकाळी माझी पाच पाती मोडली. पण मोडलं ते पातंच, बाकी काही नाही. दहा मिनिटांत दुसरं बसवून पुन्हा उभा राहिलो. कॅनार्ड पडलं की आठवडे जातात, आणि नेमकी चूक काय झाली ते अवशेषांवरून शोधावं लागतं.

हवा कोणाला कोणती

दिवाळीनंतर घाटावर सकाळी सात-साडेसातला हवा जवळजवळ थांबलेली असते. कॅनार्डला ती वेळ सोन्यासारखी, ऑटोजायरोला मात्र काहीच कामाची नाही. रोटर फिरवायला धावून धावून दम लागतो. ऑटोजायरोसाठी ताशी दहा-पंधरा किलोमीटरचा एकसारखा वारा हवा. कोकणात ओहोटीची घट्ट वाळू आणि दुपारनंतर समुद्रावरून येणारा वारा यापेक्षा चांगली धावपट्टी मला माहीत नाही. घरी आल्यावर मोटर आणि बेअरिंगं पुसून तेवढं तेल घाला, खारं राहू देऊ नका.

हवेत गेल्यावर कॅनार्ड ट्रेनरसारखंच वागतं, उलट जास्त गुळगुळीत. त्याच बॅटरीवर मला बारा मिनिटं देतं. ऑटोजायरो सहाच देतं, आणि थोडं लांब गेलं की येतंय की जातंय ते कळत नाही, म्हणून बॉडीची एक बाजू भडक रंगवा. ऑटोजायरो पंखासारखं स्टॉल होत नाही. मात्र स्टिक एकदम पुढे ढकलू नका, रोटरवरचा भार उतरला की त्याचा फेरा मंदावतो. उतरण्यात मात्र कॅनार्डने त्याच्या जवळपासही यावं असं नाही. वाऱ्याकडे तोंड करून थ्रॉटल कमी करत न्यायचं, शेवटी स्टिक ओढायची, आणि ते पारव्यासारखं जागच्या जागी खाली बसतं.

निघण्याआधी डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर जागा हिरवी आहे का ते पाहा, आणि तिथेही ४०० फुटांच्या खाली राहा. फिरता रोटर डोक्याच्या उंचीवर असतो, मुलांना दहा पावलं दूर उभं करा.

आणि ऑटोजायरोच ठरवलंत, तर आधी जाड प्लायवूडचा पात्याचा साचा कापा. त्यावरून एका बैठकीत बारा पाती करा, वजन करून तीन-तीनचे जुळणारे गट बांधा, आणि प्रत्येक गटाला वेगळ्या रंगाचा टेप लावून डब्यात ठेवा. मैदानावर सर्वांत आधी तो डबा लागतो.