स्ट्रट माउंट: रबरी घ्यावं की बेअरिंगवालं?
पुढच्या चाकाचा स्प्रिंग-शॉकॲब्सॉर्बरचा खांब म्हणजे स्ट्रट; तो वर बॉडीला ज्यावर बसतो ते माउंट. पोर्शे ९४४सारख्या जुन्या गाडीत दुसऱ्याला स्टिअरिंग फिरवायला सांगून वरच्या माउंटवर बोट टेकवा; ‘टक्’ झालं आणि बोटाला झटका लागला, तर माउंट गेलंच समजा.

रबरी माउंट खड्ड्यांचे हादरे गिळतं, पण गाडी नुसती उभी असली तरी रबर कडक होऊन चिरतं. धातूच्या गोल बेअरिंगचं माउंट घेतलं की स्टिअरिंग कसं चोख होतं! कॅम्बरही, म्हणजे चाकाचा आत-बाहेरचा कल, जुळवता येतो. मात्र पणजी-मडगाव रस्त्यावरचा प्रत्येक सांधा थेट केबिनमध्ये वाजतो. शिवाय गोव्याची खारी हवा, चार महिने पाऊस. उघडं बेअरिंग लवकर खडखडतं. चोर्ला घाटातल्या वळणांची हौस कितीही असो, मी रबरीच घेईन.

कुठलंही घ्या, दोन्ही बाजूंचं एकदमच बदला. स्प्रिंग कॉम्प्रेसरशिवाय (स्प्रिंग दाबून धरणारं अवजार) माउंटच्या मधल्या नटाला हात लावू नका आणि नंतर अलाइनमेंट करून घ्या.