एलिमेंटरी-इंटरमिजिएट : वस्तुचित्रासाठी तरी घ्यावाच असा अभ्यासक्रम

आठवी-नववीतल्या मुलाला चित्रकला पद्धतशीर शिकायची असेल, तर महाराष्ट्रात त्याच्यासमोर असलेल्या पर्यायांमध्ये कला संचालनालयाच्या शासकीय रेखाकला परीक्षांचा अभ्यासक्रम सर्वांत रुळलेला आणि सर्वांत स्वस्त आहे. पहिला टप्पा एलिमेंटरीचा, दुसरा इंटरमिजिएटचा. नोंदणी शाळेमार्फत होते, परीक्षा बहुधा सप्टेंबरअखेरीस किंवा त्याच्या आगेमागे होते आणि निकाल अ, ब, क अशा श्रेणींत लागतो. माझ्या थोरल्या मुलीने हे दोन्ही टप्पे शाळेतल्या कलाशिक्षिकेकडे पूर्ण केले आणि धाकट्याने ते एका खासगी क्लासमध्ये केले. अभ्यासक्रम एकच असूनही दोघांच्या हाती जे लागले त्यात बरेच अंतर होते. त्यामुळे हे परीक्षण अभ्यासक्रमाचे जितके आहे तितकेच तो शिकवण्याच्या रीतीचेही आहे.

एलिमेंटरीत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र (म्हणजे नक्षी) आणि कर्तव्यभूमिती (कंपास-पट्टीने काढायच्या आकृत्या) व अक्षरलेखन असे विषय असतात. इंटरमिजिएटमध्ये वस्तुचित्राच्या जागी स्थिरचित्र (मांडलेल्या अनेक वस्तूंचे चित्र) येते, भूमितीत घनभूमितीची भर पडते आणि बाकीचे विषय त्याच नावाने अधिक अवघड होतात. या रचनेवर ब्रिटिश काळातल्या कलाशिक्षणाची छाप स्पष्ट दिसते. कारागिराला मोजून-मापून रेखाटता यावे, नक्षी बसवता यावी आणि अक्षरे सुबक काढता यावीत, हा त्या शिक्षणाचा हेतू होता. १८५७ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्येही आरंभी लंडनच्या साउथ केन्सिंग्टन इथल्या कलाशाळेचीच पद्धत आणली गेली. आजच्या मुलाला हा वारसा जुनाट वाटेल, पण त्यातला निदान एक भाग आजही अत्यंत मोलाचा आहे, आणि तो म्हणजे समोर ठेवलेली वस्तू पाहून काढणे.

वस्तुचित्राच्या तासाला स्टुलावर एखादी कळशी किंवा तपेले, त्याच्या पुढ्यात वांगे किंवा सफरचंद आणि मागे घडी पाडलेले कापड एवढाच संच मांडलेला असतो. मोठ्यांना हा विषय सोपा वाटतो. प्रत्यक्षात मुलाच्या डोळ्याची सगळी परीक्षा इथेच होते, कारण मूल सुरुवातीला वस्तू काढत नाही, तर वस्तूविषयी जे माहीत आहे ते काढते. भांड्याचे तोंड गोल असते हे माहीत असल्यामुळे ते जवळजवळ पूर्ण वर्तुळ काढते आणि भांडे जमिनीवर सपाट टेकते हे माहीत असल्यामुळे बूड सरळ रेषेने कापून टाकते. खाली पाहणाऱ्या डोळ्याला मात्र तोंड लंबवर्तुळ दिसते, आणि बूड डोळ्याच्या पातळीपासून आणखी खाली असल्याने त्याची कड तोंडाच्या कडेपेक्षा अधिक गोलाईची दिसते. मुलीच्या शिक्षिका हे फळ्यावर समजावत बसल्या नाहीत. त्यांनी तेच भांडे आधी टेबलावर, मग स्टुलावर आणि शेवटी जमिनीवर ठेवून प्रत्येक वेळी फक्त तोंडाचे लंबवर्तुळ काढून घेतले, आणि तिन्ही आकृत्या शेजारी शेजारी ठेवल्यावर मुलांना नियम आपणहून सापडला. लंबवर्तुळाच्या दोन्ही टोकांना कोपरे पडू द्यायचे नाहीत, ते वळवून न्यायचे, एवढी एकच सूचना त्या पुन्हा पुन्हा देत असत.

रंगाच्या बाबतीतही हाच विषय सर्वांत जास्त शिकवतो. जलरंगात पांढऱ्या रंगाचा आधार घेता येत नाही, चकाकी हवी असेल तर कागद कोरा राखावा लागतो. म्हणजे वांग्यावरचा उजेडाचा ठिपका कुठे पडला आहे हे रंगाला हात लावण्याआधीच पाहून ठेवावे लागते. पहिला थर वाळण्याआधी दुसरा दिला की रंग मळकट होतो, आणि मळकट झालेला रंग घासून निवळत नाही. हा संयम तेराव्या-चौदाव्या वर्षी सांगून अंगी येत नाही, चार कागद वाया गेल्यावरच येतो. इंटरमिजिएटच्या स्थिरचित्रात वस्तू वाढतात, कापडाच्या घड्या येतात आणि एका वस्तूची सावली दुसरीवर पडते. तरीही ज्याचा एलिमेंटरीचा पाया नीट झाला आहे त्याला तिथे फारसे अडत नाही. या एका विषयासाठी सबंध अभ्यासक्रम करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

संकल्पचित्र हा मुलांचा आवडता विषय असतो आणि तो तसा का असतो हे समजते. दिलेल्या चौकोनात, वर्तुळात किंवा अन्य आकारात पाने, फुले, पक्षी आणि भौमितिक आकार यांची नक्षी बसवायची आणि ती पोस्टर कलरने सपाट रंगवायची, असे त्याचे स्वरूप असते. एकमेकांवर चढलेल्या आकारांमुळे पडलेल्या तुकड्यांना वेगवेगळ्या छटा देणे, उष्ण आणि शीत रंगांचा तोल राखणे, मोकळी जागाही नक्षीचाच भाग आहे हे ओळखणे, अशा कितीतरी गोष्टी यातून कळतात. पोस्टर कलर ताकाइतका पातळ केला तर खालची पेन्सिल दिसते आणि दाट ठेवला तर ब्रशचे फराटे उमटतात, त्यामुळे योग्य दाटपणा साधेपर्यंत हात बसावा लागतो. क्लासमध्ये मात्र धाकट्याला तीन-चार ठरावीक नक्ष्या गिरवायला दिल्या होत्या. प्रश्नपत्रिकेत आकार कोणताही आला तरी त्याच नक्ष्या त्यात बसवायच्या, अशी ती युक्ती होती. श्रेणी त्याने मिळते, परंतु स्वतःची एकही नक्षी मुलाने जुळवलेली नसते.

याच रोगाने स्मरणचित्र सर्वाधिक पोखरले आहे. या विषयाचा मूळ हेतू सुंदर आहे. रोजच्या पाहण्यातले दृश्य, म्हणजे भाजीबाजार, एसटीचा थांबा, गणपतीची मिरवणूक किंवा शाळेचे मैदान, मुलाने आठवून कागदावर उभे करावे आणि त्यात माणसांच्या हालचाली, पुढचे-मागचे अंतर आणि वातावरण यावे, ही अपेक्षा असते. आज अनेक ठिकाणी मुले घोटून पाठ केलेली चित्रे उतरवतात. डाव्या कोपऱ्यात एक झाड, मागे दोन इमारती, पुढे टोपली घेतलेली बाई आणि शेजारी पाठमोरी उभी असलेली दोन माणसे, हा साचा बाजारालाही चालतो, जत्रेलाही चालतो आणि बसथांब्यालाही चालतो. माणसे पाठमोरी ठेवायची कारण चेहरा काढणे अवघड, आणि हात टोपलीआड किंवा पिशवीआड लपवायचे कारण बोटे काढणे त्याहून अवघड. धाकट्याच्या वहीत अशी पाठमोरी माणसे पानोपानी आहेत. थोरलीच्या वहीत त्या काळात पाच-पाच मिनिटांत काढलेली कच्ची रेखाटने आहेत. वाकून भाजी निवडणारी बाई, सायकलवर पाय टेकवून उभा असलेला मुलगा, फळा पुसणारी वर्गमैत्रीण अशी ती रेखाटने सुबक नाहीत, पण वाकलेल्या पाठीचा बाक आणि एका पायावर आलेला भार त्यांत खरा आहे. स्मरणचित्राची तयारी स्मरणात काही साठवूनच करावी लागते, आणि त्यासाठी खिशात मावेल एवढी वही व एक पेन्सिल पुरते.

कर्तव्यभूमितीविषयी पालकांची तक्रार असते की हा चित्रकलेचा विषयच नव्हे. मला ती तक्रार पटत नाही. दिलेल्या बाजूवर सुसम पंचकोन काढणे किंवा दोन वर्तुळांना सामाईक स्पर्शिका काढणे यात हाताला येणारा नेमकेपणा पुढे नक्षीत आणि अक्षरलेखनात उपयोगी पडतोच. इंटरमिजिएटची घनभूमिती तर मुलांच्या कल्पनाशक्तीला वेगळ्याच अंगाने कामाला लावते. षटकोनी चिती (प्रिझम) उभी ठेवली की वरून ती षटकोन दिसते, समोरून मात्र पायाची एक बाजू एक्स-वाय रेषेला (वरचे आणि समोरचे दृश्य वेगळे करणाऱ्या आडव्या रेषेला) समांतर असेल तर शेजारी शेजारी तीन आयत दिसतात आणि तीच बाजू काटकोनात असेल तर दोनच. हे डोळे मिटून पाहता येणे हे पुढे वास्तुकला, अभियांत्रिकी किंवा शिल्पकला यांपैकी कशाकडेही जाणाऱ्या मुलासाठी मोठे भांडवल आहे. अक्षरलेखनाबद्दल थोडक्यात एवढेच म्हणेन की ते फार घाईने उरकले जाते, आणि देवनागरीसारख्या देखण्या लिपीच्या वाट्याला परीक्षेतला एक छोटा प्रश्न यावा हे मला खटकते.

या अभ्यासक्रमाची सर्वांत मोठी उणीव मात्र त्यात नसलेल्या गोष्टीत आहे. चार विषयांत कुठेही कोणाचे चित्र पाहायला मिळत नाही. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती जे. जे.च्या विद्यार्थ्यांनी तिथले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली १८७२ पासून अनेक वर्षे खपून केल्या, हे ‘अ’ श्रेणी मिळवणाऱ्या मुलाला कोणी सांगत नाही. जलरंगात एवढा घाम गाळणाऱ्या मुलाने सावंतवाडीच्या चित्रकार सावळाराम हळदणकरांचे हातात दिवा घेतलेल्या तरुणीचे चित्र पाहिलेले नसते. त्या चित्रात दिव्याचा उजेड बोटांच्या फटींतून आणि चेहऱ्यावर कसा पसरला आहे हे पाहिले, तर कागद कोरा राखण्याचा धडा एका दृष्टिक्षेपात समजतो. कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान यांची निसर्गचित्रे आणि चित्रकार म. वि. धुरंधरांची माणसांनी गजबजलेली चित्रे स्मरणचित्रासाठी कोणत्याही मार्गदर्शक पुस्तिकेपेक्षा अधिक उपयोगाची आहेत. केंद्रीय मंडळाच्या (सीबीएसई) शाळांत अकरावी-बारावीला चित्रकला, आलेख्यकला (ग्राफिक्स), शिल्पकला किंवा उपयोजित कला यांपैकी विषय घेता येतो आणि त्यात भारतीय कलेचा इतिहास प्रात्यक्षिकासोबत शिकवला जातो. ती सोय सगळ्या शाळांत नसते, पण मांडणी म्हणून ती अधिक पूर्ण आहे. रेखाकला परीक्षेत इतिहासाचा पेपर वाढवावा असे मी म्हणणार नाही, कारण तोही पाठ केला जाईल. शिक्षकाने महिन्यातून एकदा एक चांगले चित्र वर्गात लावून त्यावर अर्धा तास बोलावे, एवढ्यानेही पुष्कळ साधेल.

दुसरी उणीव निकालाची आहे. मुलाच्या हाती श्रेणी येते, पण चित्रात काय चुकले आणि काय साधले हे कळत नाही. रंगाचे कौशल्य असलेले पण भूमितीत कच्चे मूल आणि त्याच्या नेमके उलट असलेले मूल एकाच ‘ब’ श्रेणीत बसते. लेखी विषयात चुकलेले उत्तर पुस्तकाशी ताडून पाहता येते, इथे तीही सोय नाही. म्हणून परीक्षेआधी सराव चित्रांवर बारकाईने बोलणारा शिक्षक मिळणे फार महत्त्वाचे ठरते.

आणि मग गुणांचा विषय येतो. इंटरमिजिएटच्या श्रेणीनुसार दहावीच्या परीक्षेत ७, ५ किंवा ३ वाढीव गुण मिळतात, आणि अनेक घरांत हा अभ्यासक्रम निवडण्याचे तेवढेच कारण असते. त्या गुणांमुळे कितीतरी मुले ब्रश हातात धरतात हे मी नाकारत नाही, आणि खेड्यातल्या शाळेत चित्रकलेच्या तासाला मान मिळतो तोही काही अंशी त्यामुळेच. तथापि पाठ केलेल्या नक्ष्या आणि पाठमोरी माणसे यांची पैदासही याच गुणांनी केली आहे. ज्या शाळेत पूर्णवेळ कलाशिक्षक नाही तिथे पालक क्लासकडे वळतात आणि क्लास कमीत कमी वेळात श्रेणी हाती देण्याची हमी घेतो. क्लास निवडताना म्हणूनच मागच्या वर्षांच्या निकालाचा फलक पाहू नये, मुलांच्या वह्या पाहाव्यात. दहा मुलांच्या वह्यांत दहा वेगळे बाजार दिसले तर प्रवेश घ्यावा. सगळ्यांच्या बाजारात तीच बाई तीच टोपली घेऊन उभी असेल तर घेऊ नये. वस्तू समोर मांडून काढून घेतात की छापील चित्रावरून, हेही विचारावे.

खर्चाच्या दृष्टीने पाहता परीक्षेचे शुल्क किरकोळ असते, खरा खर्च साहित्याचा असतो आणि तोही बेताचा ठेवता येतो. चांगला ड्रॉइंग बोर्ड, क्लिपा, २बी आणि ४बी पेन्सिली, जलरंगाचा आणि पोस्टर कलरचा एकेक साधा संच, आणि गोल ब्रशांमध्ये एक बारीक, एक मध्यम व एक जाड एवढे पुरेसे आहे. बचत करायची तर रंगांच्या संख्येत करावी, कागदात आणि ब्रशात करू नये. पातळ कागद जलरंगाने फुगतो आणि केस फिसकटलेल्या ब्रशाने नक्षीची कड कधीच स्वच्छ येत नाही, मग मुलाला वाटते की आपल्यालाच जमत नाही.

सुरुवात आठवीच्या जूनमध्ये एलिमेंटरीने करावी आणि इंटरमिजिएट नववीत द्यावी. दहावीच्या वर्षावर ती ढकलली की सराव मागे पडतो आणि साचे पाठ करण्याचा मोह वाढतो. ज्या मुलाला बारावीनंतर ललित कलेच्या पदवीसाठी राज्याची प्रवेश परीक्षा द्यायची आहे, त्याच्यासाठी तर हा पाया अनिवार्य समजावा, कारण तिथेही वस्तुचित्र, संकल्पचित्र आणि स्मरणचित्र यांचीच प्रात्यक्षिके असतात, आणि त्यांच्या जोडीला कलेविषयीच्या सामान्य ज्ञानाचे प्रश्न विचारले जातात. त्या शेवटच्या भागाची तयारी इंटरमिजिएट करून देत नाही. ती संग्रहालये आणि प्रदर्शने पाहून मुलाने स्वतःच आठवीपासून करत राहावी.