उलटसुलट फ्रॉक : दिवाळी ते जून

दिवाळीत लेकीसाठी घरी शिवलेला उलटसुलट फ्रॉक आठ महिने अंगावर आहे. एकीकडे बाग प्रिंट (धार जिल्ह्यातल्या बाग गावची ठशांची छपाई), दुसरीकडे साधं पिवळं सुती. दोन्ही इथल्या, इंदूरच्या शीतलामाता बाजारातलं, दीड-दीड मीटर. आधी भिजवून घेतलं होतं, नाहीतर एक कापड आटतं आणि दुसरं खालून डोकावतं. गळा, मुंढे, पलटणं हे सगळं जमलं. माझं भांडण शेवटच्या टिपेशी आहे.

घेरावरची टीप दोन्हीकडून दिसते. म्हणून वर लाल रीळ, खालच्या बॉबिनमध्ये पिवळा दोरा. तर बागच्या लालावर पिवळे ठिपके, मुंग्यांची रांग जशी! ताणाचं चाक तीनपासून सहापर्यंत फिरवलं, चार वेळा उसवलं. मशीन दुरुस्त करणारा कारागीर साडेचारशे घेऊन गेला. ‘मैडम, धागा ही घटिया है.’ ठिपके तिथेच.

शेवटी सासूबाईंनी बॉबिन केस, म्हणजे बॉबिन बसते ती डबी, दोऱ्याला धरून लोंबकळत ठेवली. हलक्या झटक्याला ती जरा सरकून थांबायला हवी. आमची सुटली ती विहिरीत बादली सुटावी तशी. म्हणजे खालचा दोरा सैल, म्हणून तो वर ओढला जात होता. केसवरच्या दोरा दाबणाऱ्या पत्तीखाली कापसाची बारीक गुठळी अडकली होती, लग्नपत्रिकेच्या कोपऱ्याने निघाली. साडेचारशे रुपये मी अजून विसरले नाहीये.

‘एकात दोन फ्रॉक’ यावर विश्वास ठेवू नका. कापड दोघांचं लागतं, धुणं मात्र एकत्रच. पोह्यांची हळद पिवळ्यावर खपून गेली, पण रंगपंचमीला राजवाड्याजवळ गेर, म्हणजे रंग उडवत जाणारी मिरवणूक, बघायला गेलो तिथे रंग आरपार. पलटून घालणार काय? मार्चमध्ये कुणी विचारलं असतं तर ‘शिवू नका’ म्हटलं असतं. मेमध्ये तर दुहेरी कापडात पोर घामाघूम.

तरी मत बदललं, त्याला कारण आहे. आमच्या बाईसाहेबांना शिवण टोचते. विकतच्या प्रत्येक फ्रॉकची बगल खाजवत घरी येते. यात सगळ्या शिवणी दोन कापडांच्या मध्ये दडलेल्या, आठ महिन्यांत एकदाही तक्रार नाही. आता स्वतःच उलटा करून घालते आणि ‘नवा आहे’ सांगत फिरते.

खरी खोट आत्ता कळली. उंची वाढली, पण सोडायला आत दुमडच नाही. ठेवली असती तर एका बाजूने दिसलीच असती. सासूबाई म्हणाल्या, ‘अगं, माझ्या फाटक्या महेश्वरी साडीचा बुगडी काठ लाव की. तो काठ दोन्हीकडून सारखाच असतो.’ घेर उसवून काठ दोन कापडांच्या मध्ये घातलाय. टीप उद्या मारेन, बॉबिन केस आधी लोंबकळवून.